परिपथाचा सातबारा

(शिरपूर येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



इलेक्ट्रॉनिक परिपथांविषयी बोलण्यासाठी एखाद्या अभियंत्याऐवजी माहिती खात्यातील माणसाला का उभे केले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो माझ्याही मनात आला होता. मी कला शाखेचा पदवीधर. शाळेत विजेचा धडा मी पाठ करून पार पाडला आणि परीक्षा संपताच विसरलो. तरीही या विषयावर बोलावे असे वाटले, त्याला एक वही कारण आहे. त्या वहीची हकिगत प्रथम सांगतो. विषय तिच्यातूनच उलगडेल.

कामानिमित्त एका गावी गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण तसे गाव एकच नाही. तेथील नळपाणी योजनेच्या पंपघरात भिंतीवर पत्र्याची एक पेटी होती. टाकी रिकामी झाली की पंप सुरू करावयाचा, भरली की बंद करावयाचा, आणि गेलेली वीज परत आली तर थोडा वेळ थांबून मगच मोटार चालू करावयाची, एवढेच त्या पेटीचे काम. एका पावसाळ्यात ती बंद पडली. पुरवठादाराचा दूरध्वनी लागेना. त्याच्या दुकानाच्या जागी दुसरेच दुकान उघडलेले. पेटी खोलली तर आत तळहाताएवढा हिरवा बोर्ड, आणि त्यावरील मुख्य घटकांवरची अक्षरे मुद्दाम घासून पुसून टाकलेली. तालुक्याच्या कारागिराने पाहिले आणि विचारले, "याचा आराखडा आहे का?" ग्रामपंचायतीकडे पावती होती, हमीपत्र होते, उद्घाटनाचा फोटोसुद्धा होता, आराखडा नव्हता. तो कोणी मागितलाच नव्हता. मग नवी पेटी घेण्याचा ठराव, दरपत्रके, मंजुरी असे सगळे सोपस्कार झाले, आणि तोवर बायाबापड्यांनी शेतातल्या विहिरीवरून पाणी वाहिले. नवी पेटी आली तीही बिनआराखड्याचीच.

दोन वर्षांनी तीही बिघडली. या खेपेस मात्र दूरदर्शन संच दुरुस्त करणारा गावातलाच एक तरुण मल्टिमीटर घेऊन बसला. बोर्डावरील तांब्याच्या रेघा एकेक करून तपासत त्याने कोणत्या घटकाचा कोणता पाय कोणाला जोडला आहे, ते शाळेच्या शंभरपानी वहीत लिहून काढले. चित्र काढण्याचा त्याला कंटाळा, म्हणून त्याने सरळ वाक्येच लिहिली. सरपंचांनी ती वही मला दाखविली. विजेच्या आराखड्याचे चित्र पुढे आले की मी आजही गोंधळतो. पण ती वही मला वाचता आली.

चित्र आणि चतुःसीमा

परिपथ म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगणे जरूर आहे. कोणत्याही बोर्डावर दोनच प्रकारची माहिती असते. कोणते घटक आहेत, ही एक. आणि त्यांचे पाय एकमेकांना कोठे कोठे जोडलेले आहेत, ही दुसरी. रोधक, म्हणजे रेझिस्टर, प्रवाहाला अडवितो. धारित्र, म्हणजे कपॅसिटर, विजेचा भार साठवितो. रिले हा विजेने चालणारा खटका. अभियंते ही माहिती चित्राच्या रूपाने मांडतात. नागमोडी रेघ म्हणजे रोधक, दोन समांतर रेघा म्हणजे धारित्र, आणि जोडणीसाठी आडव्या-उभ्या रेषा. या चित्राला ते स्किमॅटिक म्हणतात. गेली कित्येक दशके परिपथाची रचना म्हणजे हे चित्र काढणे, असेच समीकरण होते.

आता आपल्या ओळखीच्या दुनियेत येऊ. जमिनीचीही माहिती दोन प्रकारे ठेवली जाते. एक गावनकाशा, ज्यात गट नंबरांच्या आकृत्या असतात. दुसरे लिखित अभिलेख. खरेदीखतात जमिनीची चतुःसीमा कशी लिहितात? पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस शिवरस्ता, उत्तरेस तमक्याची बांधबंदिस्ती. नकाशा समोर नसला तरी ते चार ओळींचे लेखन वाचून कोणाचे शेत कोणाला लागून आहे, हे कोणीही सांगू शकतो. त्या तरुणाने लिहिले होते ते बोर्डावरील घटकांची चतुःसीमाच होती. त्याच्या वहीतील विलंबाचा भाग, म्हणजे वीज आल्यावर थांबून मग मोटार चालू करण्याचा भाग, सुमारे असा होता:

रोधक १: ४७० किलोओहम. एक टोक 'धन' ला, दुसरे टोक 'भरण' ला.
धारित्र १: १०० मायक्रोफॅरड. धन टोक 'भरण' ला, ऋण टोक 'भूमी' ला.
५५५: पाय १ 'भूमी' ला, पाय ४ व ८ 'धन' ला, पाय २ व ६ 'भरण' ला, पाय ३ 'निकाल' ला.
रिले: एक टोक 'धन' ला, दुसरे टोक 'निकाल' ला. रिलेला आडवा एक डायोड.

यातील '५५५' हा वेळ मोजणारा छोटा आठ पायांचा घटक. हान्स कॅमेंझिंड या स्वित्झर्लंडच्या अभियंत्याने १९७१ साली त्याची रचना केली, आणि आज अर्धशतक उलटल्यावरही तो जगभर वापरात आहे. वीज आली की रोधकातून झिरपणाऱ्या प्रवाहाने धारित्र हळूहळू भरू लागते. माठ भरावा तसे. ते पुरवठ्याच्या दोनतृतीयांशापर्यंत भरले की ५५५ चा तिसरा पाय खाली येतो, रिले ओढला जातो आणि मोटारीला हुकूम मिळतो. थांबण्याचा काळ किती? रोधक मेगओहममध्ये आणि धारित्र मायक्रोफॅरडमध्ये घेऊन दोहोंचा गुणाकार करावा आणि त्याला १.१ ने गुणावे. उत्तर सेकंदांत येते. वरील वहीप्रमाणे ते सुमारे ५२ सेकंद होते. हा गुणाकार सातवीच्या मुलालाही करता येईल. शिक्षक बंधूंनी तो वर्गात करून घ्यावा, असे मी सुचवीन. मात्र हे ऐकून कोणी घरी जाऊन स्टार्टरची पेटी उघडू नये. तीन फेजच्या विजेला आपली हौस कळत नाही.

ही गोष्ट वाटते तितकी नवी नाही

परिपथ चित्राऐवजी शब्दांत, म्हणजे संगणकाला वाचता येईल अशा संहितेत लिहावा, या विचाराचा आज अभियंत्यांत पुष्कळ बोलबाला आहे. परंतु त्याची मुळे जुनी आहेत. १९७३ साली अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात लॉरेन्स नेगल आणि त्यांचे मार्गदर्शक डोनाल्ड पेडरसन यांनी 'स्पाइस' ही संगणक-आज्ञावली जगापुढे आणली. परिपथ प्रत्यक्ष बनविण्याआधी तो कसा वागेल हे गणिताने सांगणारी. त्या काळी संगणकाला चित्र दाखविण्याची सोयच नव्हती. तेव्हा छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर एकेक ओळ लिहून परिपथ सांगावा लागे: हा घटक, त्याची ही दोन टोके, त्याचे हे मूल्य. त्या तरुणाच्या वहीतील ओळी आणि ५० वर्षांपूर्वीच्या त्या ओळी यांत फरक शोधून सापडणार नाही. पुढे पडद्यावर चित्र काढण्याची सोय झाली आणि ओळी मागे पडल्या. पण पडद्याआड संगणक त्या चित्रातून पुन्हा जोडण्यांची यादीच तयार करीत असतो. अभियंते तिला नेटलिस्ट म्हणतात.

दुसरी गोष्ट याहून अधिक महत्त्वाची आहे आणि ती प्रशासनातील माणसाने तर अवश्य ऐकावी. १९८० नंतरच्या वर्षांत अमेरिकेच्या संरक्षण खात्यापुढे एक अडचण उभी राहिली. निरनिराळे पुरवठादार आपापल्या उपकरणांत खास बनविलेल्या चिप बसवून देत. उपकरण वीस-तीस वर्षे चालायचे. पुरवठादार, त्याचे तंत्रज्ञ, त्याचे कारखाने मात्र तितके टिकत नसत. चिप बिघडली तर तिच्या आत काय होते, हे सांगायला कोणी नाही! तेव्हा खात्याने असे ठरविले की, प्रत्येक चिपचे वर्तन एका ठरावीक भाषेत लिहून मिळाले पाहिजे. त्यातून 'व्हीएचडीएल' ही भाषा जन्माला आली आणि १९८७ साली ती मानक म्हणून स्वीकारली गेली. जगातल्या सर्वांत श्रीमंत खात्याची ती अडचण आणि आपल्या पंपघरातील पेटीची अडचण एकच होती, हे वाचून मला गंमत वाटली, आणि थोडे बरेही वाटले.

त्याच सुमारास, १९८४ च्या आसपास, प्रभू गोयल या भारतीय वंशाच्या अभियंत्याने स्थापन केलेल्या गेटवे डिझाइन ऑटोमेशन या संस्थेत फिल मूरबी यांनी 'व्हेरिलॉग' ही दुसरी भाषा रचली. १९९५ साली तिलाही मानकाचा दर्जा मिळाला. १९७१ सालच्या इंटेलच्या ४००४ या चिपमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. ते हाताने रेखाटणे माणसाच्या आटोक्यातले होते. पुढे ही संख्या लाखांत आणि कोटींत गेली, तेव्हा रेखाटणे शक्यच राहिले नाही. चिपच्या दुनियेत चित्र मागे पडले आणि लेखन पुढे आले ते असे. आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण द्यावयाचे तर पवईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेला 'अजित' हा मायक्रोप्रोसेसर, ज्याची वार्ता २०१९ साली प्रसिद्ध झाली. एकेक तार्किक द्वार कागदावर काढून नव्हे, तर वर्णनभाषेत लिहून त्याची रचना झाली आणि मोहाली येथील सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने तो घडविला गेला.

चिप लेखनाकडे वळल्या, पण ज्या बोर्डावर त्या बसवितात तो बोर्ड मात्र चित्रातच राहिला. ही विसंगती फार थोड्यांच्या लक्षात आली. ती दूर करण्याचे प्रयत्न गेल्या काही वर्षांतले आहेत. पायथन या प्रचलित संगणकभाषेत जोडण्या लिहिण्याची 'स्किडल' ही सोय झाली. बोर्डासाठीच खास बेतलेली 'अॅटोपाइल' ही भाषा आली. आणखीही काही आहेत. यांत लिहिलेला परिपथ 'कायकॅड' या मुक्त आज्ञावलीकडे सोपविता येतो. कायकॅडचा प्रारंभ १९९२ साली फ्रान्समध्ये ज्याँ-पिएर शारा यांनी केला आणि पुढे सर्न या युरोपातील अणुसंशोधन संस्थेने तिच्या वाढीस हातभार लावला. ती विनामूल्य आहे, हे पंचायतींच्या कानावर मुद्दाम घालतो.

रोहित्र आणि पंचाहत्तर सेकंद

लिहिल्याने काय साधते? केवळ वाचता येते एवढेच असते, तर मी आपला वेळ घेतला नसता.

आपल्या खानदेशातलेच उदाहरण घेऊ. शिरपूर तालुक्यात नाले खोल व रुंद करून आणि त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधून पाणी मुरविण्याचे जे काम भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली झाले, ते 'शिरपूर पॅटर्न' या नावाने राज्यभर ओळखले जाते. विहिरींना पाणी आले. पाणी आले म्हणजे मोटारी आल्या. मोटारी आल्या म्हणजे रात्री-अपरात्री येणारी वीज आली, आणि तिच्यासाठी शेतकऱ्याने उठून शेतात जाऊ नये म्हणून ऑटोस्विचही आला. शेतकऱ्याची अडचण खरी आहे. थंडीच्या रात्री, साप-विंचवाच्या आणि बिबट्याच्या भीतीत बांधावरून चालत जाणे ज्याने केले आहे त्यालाच ती कळेल. परंतु वीज येताच एका रोहित्रावरच्या, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो त्यावरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. रोहित्र जळते, आणि मग सगळ्यांचेच पाणी बंद. म्हणूनच ऑटोस्विच काढून टाकावेत आणि मोटारींना कपॅसिटर बसवावेत, असे आवाहन महावितरण वारंवार करीत आले आहे. त्या आवाहनाविरुद्ध मला काही सांगावयाचे नाही. उदाहरण म्हणून फक्त एक कल्पना करू: एकाच रोहित्रावरच्या नियंत्रकांचा थांबण्याचा काळ वेगवेगळा ठेवावयाचा आहे, एकाचा ५२ सेकंद, दुसऱ्याचा ७५, तिसऱ्याचा ९०.

चित्रात काम करणारा अभियंता काय करील? कागदाच्या बाजूला गुणाकार करील, ६८० किलोओहम असे उत्तर काढील आणि चित्रातील ४७० खोडून ६८० लिहील. ते का लिहिले, हे चित्रात कोठेही नसेल. पाच वर्षांनी दुसरा कोणी चित्र पाहील तेव्हा त्याला ६८० हा आकडा दिसेल. ७५ सेकंद हा हेतू दिसणार नाही. संहितेत मात्र हेतूच लिहिता येतो. 'थांबण्याचा काळ ७५ सेकंद. धारित्र १०० मायक्रोफॅरड. रोधक या सूत्राने काढावा आणि बाजारात मिळणाऱ्या जवळच्या मूल्याचा घ्यावा.' ६८० किलोओहम हे उत्तर संगणक काढतो. ७५ च्या जागी ९० लिहिले की तेच उत्तर ८२० होते. एका ओळीचा बदल. बाकीचा बोर्ड जसाच्या तसा.

याहून पुढची पायरी मला विशेष वाटली. संहितेत अट घालता येते. 'कोणत्याही दोन नियंत्रकांमध्ये निदान दहा सेकंदांचे अंतर राहिलेच पाहिजे', अशी एक ओळ लिहिली आणि घटकांची अचूकता सांगितली, तर संगणक लगेच हिशेब करून हरकत घेतो. ती अशी: बाजारात मिळणारी साधी इलेक्ट्रोलिटिक धारित्रे छापील मूल्यापेक्षा २० टक्के कमी-अधिक असू शकतात. रोधक बिनचूक धरला, तरी ७५ सेकंदांचा नियंत्रक प्रत्यक्षात ६० ते ९० सेकंदांत कोठेही, आणि ९० सेकंदांचा ७२ ते १०८ सेकंदांत कोठेही चालू होईल. म्हणजे दोघेही एकाच वेळी सुरू होणे अगदी शक्य. चित्र पाहून हे कोणाच्या ध्यानी आले नसते. रोहित्र जळाल्यावरच आले असते. अट कागदावर असेल, तर अधिक अचूक घटक वापरावा किंवा मध्ये जास्त अंतर ठेवावे, हे बोर्ड बनण्यापूर्वीच ठरते. त्याचप्रमाणे रिलेला आडवा डायोड विसरला गेला, एखादा पाय कोठेच जोडलेला नाही, अशा चुका पकडण्याचे नियमही एकदा लिहून ठेवता येतात आणि प्रत्येक नव्या बोर्डाला लावता येतात.

फेरफार

तलाठी आणि मंडळ अधिकारी येथे बसले आहेत, म्हणून हा मुद्दा त्यांच्याच शब्दांत सांगतो. सातबारा आज काय सांगतो एवढ्यावर आपले काम भागत नाही. तो तसा का झाला, हे पाहण्यासाठी आपण गाव नमुना ६ काढतो, फेरफार पाहतो. कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने, कोणाच्या सहीने नोंद बदलली, ते तेथे सापडते. लिहिलेल्या परिपथाला असा फेरफार आपोआप मिळतो. संगणक-संहितेच्या नोंदी ठेवण्यासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली 'गिट' नावाची व्यवस्था तयार केली. तिच्यात कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली आणि कोणते कारण दिले, याची कायमची नोंद राहते. ५२ सेकंदांचे ७५ झाले, धारित्र बदलले, डायोडची जात बदलली. प्रत्येकाची वेगळी नोंद. चित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवून फरक शोधणे म्हणजे वर्तमानपत्रातील 'दहा चुका शोधा' हा खेळ. तो करमणुकीसाठी ठीक आहे.

चित्राची बाजू

आता दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. एका अनुभवी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्राध्यापकांपुढे मी ही वहीची गोष्ट उत्साहाने सांगितली, तेव्हा ते हसले. म्हणाले, "तुम्ही गावनकाशा फाडून टाकणार की काय?" त्यांचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे. जाणता माणूस चित्रावरून नजर फिरवितो आणि हा विद्युतपुरवठ्याचा भाग, हा वेळ मोजण्याचा, हा मोटारीला हुकूम देण्याचा, असे क्षणात ओळखतो. दोनशे ओळींची यादी वाचताना तो अर्थ हाती येत नाही. चतुःसीमा वाचून शेजारी कळतो, पण शेताचा आकार कळत नाही.

शिवाय बोर्डावर घटक प्रत्यक्ष कोठे बसवावयाचे आणि तांब्याच्या रेघा कशा न्यावयाच्या, हा जागेचा प्रश्न आहे, शब्दांचा नव्हे. पूर्वी पारदर्शक फिल्मवर काळी चिकटपट्टी लावून, मूळच्या दुप्पट किंवा चौपट आकाराचा आराखडा करीत आणि छायाचित्राने तो लहान करीत. आज ते पडद्यावर होते, पण माणसाची नजर आणि हात तेथे अजून लागतात. उच्च दाबाची रेघ कमी दाबाच्या रेघेपासून किती दूर ठेवावी, उष्णता देणारा घटक कोठे असावा, हे लिहून सांगणे अवघड जाते. या नव्या भाषा अजून कोवळ्या आहेत. आज जिचे नाव ऐकतो ती दहा वर्षांनी राहीलच, याची शाश्वती कोणी देऊ नये. आणि अलीकडे विनंती करताच संहिता लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. ती अस्खलित लिहितात आणि तितक्याच अस्खलितपणे चुकतात. तपासणाऱ्याची गरज त्यांनी वाढविलीच आहे.

माझे मत असे की, वाद चित्र की लेखन असा नाहीच. लेखन मूळ दस्तऐवज असावा आणि चित्र त्यावरून निघावे. भूमापनात जसे क्षेत्र आणि हद्द दोन्ही लागतात, तसे.

शाळेत आणि कपाटात

शिक्षकांसाठी दोन गोष्टी. २०१६ पासून अटल इनोव्हेशन मिशनखाली शाळांमध्ये सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सुरू झाल्या आणि त्यांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळाले. जेथे अशी प्रयोगशाळा आहे तेथे, आणि नाही तेथे एक बॅटरी, एक दिवा आणि एक बटण घेऊनसुद्धा, मुलांना परिपथ आधी मराठी वाक्यांत लिहावयास सांगावे. 'बॅटरीचे धन टोक बटणाला. बटणाचे दुसरे टोक दिव्याला. दिव्याचे दुसरे टोक बॅटरीच्या ऋण टोकाला.' जो मुलगा चित्रात तार अर्धवट सोडतो, त्याला वाक्य अर्धवट सोडता येत नाही. ते कानालाच खटकते. पायथन या भाषेत घटकांना व जोडण्यांना देवनागरी नावे देता येतात, हेही मुलांना सांगावे. हुकूम देणारे शब्द इंग्रजीच राहतात, पण 'धन', 'भूमी', 'भरण' ही नावे आपली असू शकतात. पवईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने 'ई-सिम' ही मुक्त आज्ञावली तयार केली आहे. तिच्यात कायकॅड आणि स्पाइसच्या वंशातील एनजीस्पाइस एकत्र आहेत. तेथूनच प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात संगणकविषयक अनेक छोटे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध आहेत. आपल्या शिरपुरातच २००१ सालापासून आर. सी. पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही अभियांत्रिकी संस्था आहे; माध्यमिक शाळा आणि अशी संस्था यांच्यामधले अंतर आपण उगाचच फार मानतो.

पंचायत सदस्यांसाठी माझे निवेदन अधिक रोकडे आहे. पीएम-कुसुम योजना २०१९ साली आली. राज्य शासनाची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना २०२४ साली. या योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के वाटा भरावयाचा असतो आणि पाच वर्षे दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादारावर असते. सौर पॅनल पंचवीस वर्षे चालावे अशी अपेक्षा असते. पॅनल आणि मोटार यांच्या मध्ये नियंत्रकाची पेटी असते, आणि तिच्यात बोर्ड असतो. सातपुड्याच्या पायथ्याशी एखाद्या पाड्यावर ती पेटी सहाव्या वर्षी बंद पडली, तर पावरा शेतकऱ्याने कोणाचे दार ठोठवावे? शिरपूरच्या कारागिराने ती उघडली, तर त्याच्या हाती काय असेल? घासून पुसलेली अक्षरे?

मोठ्या योजनांच्या अटी आपल्या हातात नसतात, हे मी जाणतो. ग्रामपंचायत स्वतःच्या निधीतून जी पेटी घेते, तिच्या अटी मात्र ग्रामपंचायतच ठरविते. पाण्याच्या टाकीचा नियंत्रक, पथदिव्यांचा आपोआप चालू-बंद होणारा खटका, शाळेची घंटा. दरपत्रक मागविताना तीन ओळी जास्त लिहाव्यात: घटकांची यादी मूल्यांसह द्यावी, जोडण्यांची यादी मजकूर स्वरूपात, संगणकावर आणि कागदावर द्यावी, घटकांवरील अक्षरे पुसू नयेत. काही पुरवठादार नकार देतील. आपली रचना दुसरा कोणी उचलील, ही त्यांची भीती अगदीच निराधार नाही. ज्याने खरोखर नवे काही शोधले आहे त्याने ते राखावे. पण टाकी भरली की पंप बंद करणारा परिपथ हा कोणाचा गुपित शोध नव्हे. आणि यादी देणारा पुरवठादार दोन पैसे जास्त मागत असेल, तर पहिल्या बिघाडाच्या वेळी काय खर्च येतो याच्याशी ते ताडून पाहावेत.

त्या गावात पुढे काय झाले, असे आपण विचाराल. बिघाड सापडला. एक धारित्र फुगून निकामी झाले होते. वहीत त्याचे मूल्य होतेच, ते बदलल्यावर पेटी सुरू झाली. धारित्राची किंमत चहाच्या दोन कपांइतकी. तरुणाने पैसे घेतले नाहीत. ग्रामसेवकांनी वहीच्या छायाप्रतींचा खर्च तेवढा दिला. मूळ वही आता नळपाणी योजनेच्या दप्तरात पावतीपुस्तकाशेजारी ठेवलेली आहे. एक प्रत पंपघरात पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या पिशवीत चिकटविली आहे. तिच्या शेवटच्या पानावर निळ्या शाईत एक नोंद आहे: क१ बदलले, १०० मायक्रोफॅरड, आणि त्याखाली तारीख व सही.